कारकुनाच्या टेबलापासून जिनिव्हापर्यंत

मुत्सद्दी म्हटला की विद्यापीठाची मोठी पदवी आणि खानदानी घराणे आपण गृहीतच धरतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात आर्थिक व्यवहारांचे प्रमुख झालेले विल्यम क्लेटन यांची शाळा मात्र तेराव्या वर्षी सुटली होती.

१८८० साली मिसिसिपी राज्यात जन्मलेल्या क्लेटन यांनी लघुलेखन शिकून कोर्टात कारकुनी केली. पुढे न्यूयॉर्कच्या एका कापूस कंपनीत नोकरी धरली. १९०४ साली भागीदारीत स्वतःची पेढी काढली. ती जगातील अग्रगण्य कापूस पेढी ठरली. १९४४ च्या अखेरीस ते परराष्ट्र खात्यात आले.

त्यांची खरी कसोटी १९४७ साली लागली. महायुद्धाने युरोप उद्ध्वस्त झाला होता. तेथून परतल्यावर मे महिन्यात त्यांनी एक टिपण लिहिले. शहरांत उपासमार का होते, याचे त्यांनी दिलेले उत्तर साधे होते. शेतकऱ्याने धान्य विकले, तर मिळालेल्या पैशात घेण्याजोगा माल बाजारात नव्हता. म्हणून तो धान्य विकेना. नुसत्या शिध्याने हे चक्र फिरणार नव्हते. तीन वर्षे, दरसाल सहा-सात अब्ज डॉलरचा माल द्यावा, असे त्यांनी सुचविले. ५ जूनला परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी हार्वर्ड येथे केलेल्या भाषणाला या टिपणाचा मोठा आधार होता. मार्शल योजनेतून १९४८ ते १९५२ या काळात सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत गेली.

त्याच वर्षी जिनिव्हात जकाती कमी करण्याच्या वाटाघाटी चालू होत्या. इकडे अमेरिकन संसदेने परदेशी लोकरीवर जादा कर बसविण्याचे विधेयक मंजूर केले. ऑस्ट्रेलिया बिथरला. क्लेटन यांनी आग्रह धरला, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी विधेयक नाकारले आणि बोलणी तरली. ३० ऑक्टोबरला झालेल्या गॅट करारात भारतासह २३ देश होते.

हे सारे निव्वळ परोपकारातून झाले, असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेच्या मालाला गिऱ्हाईक हवे होते, आणि कापूस व्यापाऱ्याला तर खुला बाजार हवाच असतो. शिवाय दक्षिणेत तो कापूस वेचणाऱ्या असंख्य कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांना त्या काळी मतदानाचा हक्कही बजावू दिला जात नव्हता. जगाच्या भुकेचा हिशेब नेमका मांडणाऱ्या देशाने घरचा हिशेब थकवला होता.

तरीही आपल्या हिशेबनीस, टंकलेखक मुलामुलींनी क्लेटन यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. समोर आलेला आकडा नुसता उतरवून घेऊ नये. तो कोणाच्या ताटाशी जाऊन भिडतो, हेही तपासावे.