तांबडा ध्रुवप्रकाश

नातीच्या शाळेने गेल्या महिन्यात आजी-आजोबांना एका तासासाठी चित्रकलेच्या वर्गात बोलावले होते. त्या दिवशीचा विषय होता उत्तर ध्रुवाकडील आकाशात दिसणारा 'अरोरा', म्हणजेच ध्रुवप्रकाश. साहित्य अगदी साधे होते: काळा कार्डपेपर, थोडे रद्दी कागद आणि कोरडे खडू-पेस्टल. तेलकट पेस्टल येथे उपयोगाचे नाहीत. ते बोटाने असे अलगद विरत नाहीत.

बाईंनी दाखविलेली रीत सुरेख होती. रद्दी कागदाची कड लाटेसारखी फाडायची व तिच्यावर पेस्टल दाट घासायचा. मग ती कड काळ्या कागदावर दाबून धरायची आणि बोटाने तिच्यावरचा रंग वरच्या दिशेला ओढायचा. रद्दी कागद उचलला की खाली रेखीव किनार आणि वर विरत जाणारे प्रकाशाचे झोत उमटतात! निसर्गातही बहुधा असेच असते. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेमुळे वेग घेतलेले सूक्ष्म कण वातावरणात शिरतात आणि खालच्या दाट हवेत अडतात. म्हणून प्रकाशाच्या पडद्याची खालची कड ठळक दिसते. शेवटी तळाशी सूचिपर्णी झाडांच्या काळ्या आकृती चिकटवायच्या. उरलेली भुकटी फुंकायची नाही. कागद उभा धरून वर्तमानपत्रावर हलकेच झटकायचा.

खातेवहीत डाग पडला तर ओशाळे व्हावे, अशा शिस्तीत माझी बँकेतील सारी नोकरी गेली. येथे मात्र रंग फासणे हीच कला होती, आणि मुले त्यात रमून गेली होती.

माझ्या नातीने सारे आकाश तांबडे केले होते. मी शेजारी बसून म्हणालो, "अगं, हा प्रकाश हिरवा असतो. फोटोत पाहिला नाहीस का?" तिने विचारले, "आबा, तांबडा कधीच नसतो?" मी ठामपणे "नाही" म्हणालो. ती काही बोलली नाही. तिने हिरवा खडू उचलला आणि तांबड्यावर घासला. दोन्ही रंग मिसळून मळकट झाले. तास संपल्यावर बाकीच्यांची चित्रे फळ्यापाशी लागली. हिचे दप्तरात गेले.

घरी आल्यावर मन स्वस्थ बसेना, म्हणून वाचून काढले. चूक माझी होती. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू हिरवा प्रकाश देतात. २०० किलोमीटरच्या वर हवा अतिशय विरळ असते. तेथे तेच अणू तांबडा प्रकाश देतात. नॉर्वेत डोक्यावर हिरवा पडदा झुलतो. पण फार दक्षिणेकडून पाहणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात मुख्यतः उंचावरचा तांबडा भागच येतो. मे २०२४ मधील सौरवादळात लडाखच्या हानले येथून टिपलेल्या छायाचित्रांत आकाश तांबडे आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या मोठ्या वादळात तर हा प्रकाश आपल्या मुंबईतूनही दिसल्याची नोंद आहे. भारतातून पाहणाऱ्याच्या दृष्टीने नातीचेच चित्र अधिक खरे होते.

अनेकांतवादावर मी सभेत बोललो आहे. वस्तूला अनेक बाजू असतात, पाहणाऱ्याच्या स्थानानुसार त्यातली एखादीच दिसते, हे इतरांना समजावले आहे. नऊ वर्षांच्या मुलीपुढे मात्र मला दिसलेली एक बाजू मी पूर्ण सत्य म्हणून ठेवली.

बँकेत चुकीची नोंद खरवडून काढता येत नाही. उलट नोंद करून ती उघडपणे दुरुस्त करावी लागते. त्या संध्याकाळी घरातील सर्वांसमक्ष मी नातीला म्हणालो, "बेटा, चूक आबांची होती. मिच्छामि दुक्कडम्." संवत्सरीला हे शब्द शेकडो वेळा उच्चारले असतील, पण इतके जड कधी वाटले नव्हते. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काळा कागद आहे का घरात?"

नवे चित्र तिने शाळेत नेले: खाली हिरवा, वर तांबडा. पहिले चित्र मी तिच्याकडून मागून घेतले आणि बटरपेपर लावून जपून ठेवले. हिरव्याखालून तांबडा रंग त्यात अजून डोकावतो.