शेंगांच्या शेतकऱ्याची चार वर्षे

माधवनगर-सांगलीच्या पट्ट्यात भुईमुगाची शेती म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाऊस लांबला तर शेंग पोचट राहते. भरली तर बाजारात भाव उतरतो. म्हणून ‘शेंगांचा शेतकरी अमेरिकेचा अध्यक्ष झाला’ हे वाक्य आपल्या कानाला गोड लागते. परंतु जिमी कार्टर हे आपल्या अर्थाचे शेतकरी नव्हते. जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या खेड्यात 1924 साली जन्मलेला हा मनुष्य नौदलाच्या पाणबुड्यांवर अधिकारी होता. 1953 साली वडील वारले तेव्हा नोकरी सोडून तो गावी परतला आणि जमीन, बियाण्यांचा व्यापार व गोदाम यांचा धनी झाला. आपल्याकडे ज्याला बागायतदार आणि अडत्या म्हणतात, ते दोघे त्याच्या ठायी एकत्र नांदत होते. 29 डिसेंबर 2024 रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा सर्वत्र त्यांच्या साधुत्वाचे गोडवे गायले गेले. कार्यकर्त्यांनी मात्र त्यांच्या कारभाराचा हिशेब पाहावा, कारण त्यात आपलाही हिशेब अडकलेला आहे.

20 जानेवारी 1977 रोजी कार्टर अध्यक्षपदावर आले. त्याच्या दोनच दिवस आधी इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या होत्या. मार्चमध्ये जनता पक्षाचे सरकार आले. तिकडे वॉटरगेट आणि व्हिएतनाम, इकडे आणीबाणी. दोन्हीकडे लोकांनी कार्यक्रमापेक्षा सचोटीला मत दिले. व्हिएतनामच्या लष्करभरतीला नकार देणाऱ्या तरुणांना कार्टर यांनी दुसऱ्याच दिवशी माफी दिली. पनामाचा कालवा परत करण्याचा करार मतांचे गणित विरोधात असतानाही तडीस नेला. कॅम्प डेव्हिड येथे इजिप्त आणि इस्रायल यांना एका मेजावर बसविले. ही कामे लहान नव्हती.

मानवी हक्कांची भाषा मात्र सर्वत्र सारखी चालली नाही. 31 डिसेंबर 1977 रोजी तेहरानमध्ये शहाच्या मेजवानीत कार्टर यांनी इराणला स्थैर्याचे बेट म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी ते दिल्लीत उतरले. तुरुंगातून सुटून सत्तेवर आलेल्या माणसांना भेटण्यासाठी ते ज्याच्या घरून आले होते, त्याच्या तुरुंगांविषयी त्यांना बोलावेसे वाटले नाही. पुढे तेच बेट बुडाले आणि 52 ओलीस 444 दिवस तेहरानमध्ये अडकले. 1980 च्या फेब्रुवारीत एल् साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांनी लष्करी मदत थांबविण्याची विनंती करणारे पत्र कार्टर यांना लिहिले. मदत थांबली नाही. मार्चमध्ये रोमेरो वेदीपाशी गोळी लागून मारले गेले.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो तारापूरशी. 1963 च्या करारानुसार तारापूरच्या अणुभट्ट्यांना इंधन पुरविणे अमेरिकेवर बंधनकारक होते. 1974 च्या पोखरणनंतर तेथे कुरकूर सुरू झाली आणि 1978 च्या मार्चमध्ये कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने जुन्या करारालाही नवी अट लागू केली. दिल्लीतील त्यांच्या मुक्कामात एक गंमत घडली. मोरारजींना घरी गेल्यावर एक थंड आणि परखड पत्र लिहावे लागेल, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात बोलले, आणि ध्वनिक्षेपकाने ते जगाला ऐकविले. तरीही मोरारजींनी कारखाने तपासणीला खुले केले नाहीत. त्यांच्याशी आपले अनेक मतभेद होते, पण या प्रश्नावर ते वाकले नाहीत, हे नोंदविले पाहिजे. 1980 साली कार्टर यांनी स्वतःच्याच कायद्याला वळसा घालून 38 टन इंधनाला परवानगी दिली आणि सिनेटने ती 48 विरुद्ध 46 मतांनी तारली. साम्राज्याचा शब्द दोन मतांच्या फरकावर उभा होता!

त्याच काळात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परकीय चलन कायद्याप्रमाणे भागभांडवल कमी करा, अन्यथा चालते व्हा, हे कोकाकोलाला सांगितले गेले आणि ती कंपनी 1977 साली गेली. तिचे मुख्य ठाणे अटलांटा, म्हणजे कार्टर यांच्याच राज्याची राजधानी. 1993 साली ती परत आली, हेही विसरू नये.

परंतु कार्टर यांचा पराभव तेहरानने केला असे म्हणणे ही सोयीची कथा आहे. तो घरातच झाला. 1977-78 मध्ये कोळसा खाणकामगारांनी 110 दिवस संप केला तेव्हा या सद्गृहस्थांनी टॅफ्ट-हार्टले कायदा उगारला. संघटना बांधणे कामगारांना सुलभ करणारे विधेयक सिनेटमध्ये अडवणुकीच्या भाषणांनी मारले गेले. पनामासाठी लावलेला जोर तेथे लागला नाही. पूर्ण रोजगाराचा कायदा झाला, पण दात काढून. विमान आणि मालवाहतूक यांवरील नियंत्रणे काढण्याचा पायंडा रेगनने पाडला असे अनेकांना वाटते. तो कार्टर यांच्याच सहीने पडला. महागाई 13 टक्क्यांवर गेली तेव्हा व्याजाचे दर चढवून तिची किंमत मजुराच्या रोजगारातून वसूल झाली. 1980 च्या नोव्हेंबरात 44 राज्यांनी त्यांना नाकारले. हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संघटनेने तर रागाने रेगनला पाठिंबा दिला. 1981 साली संप करताच रेगनने त्यांतील अकरा हजारांहून अधिक लोकांना कामावरून काढले. रागाचे मत कोठे जाते, हे आपणही 1980 च्या जानेवारीत पाहिले होते. दुहेरी सदस्यत्वाच्या वादात आपण गर्क होतो आणि कांदा महाग झाला होता.

सत्ता गेल्यावर हा मनुष्य मोठा झाला, यात शंका नाही. आपल्या खेड्यांतल्या विहिरींचा शाप असलेला नारू भारताने स्वतःच्या मोहिमेने घालविला आणि 2000 साली देश त्यातून मुक्त जाहीर झाला. आफ्रिकेत त्याच रोगामागे कार्टर यांची संस्था 1986 पासून लागली आणि लाखोंचा आकडा बोटांवर मोजण्याइतका खाली आला. 2006 साली ते लोणावळ्याजवळ येऊन गरिबांच्या घरांच्या भिंती उभारत होते.

त्याच्याही चाळीस वर्षे आधी त्यांची आई लिलियन विक्रोळीत आली होती. वय 68. कारखान्याच्या वसाहतीत परिचारिका म्हणून तिने रोग्यांच्या जखमा धुतल्या. 1977 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेची प्रतिनिधी म्हणून ती पुन्हा आली आणि मुद्दाम विक्रोळीला जाऊन आली. मुलाच्या हाती तेव्हा जगातली सर्वांत मोठी सत्ता होती, आणि खाणकामगारांच्या संपाला अद्याप दहा महिने अवकाश होता.