दाद आणि दलाली

लखनौच्या चारबाग स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या हाती अमुकच कादंबरी का येते, या प्रश्नाकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी सहसा लक्ष दिलेले नाही. १९१४ मध्ये पायाभरणी झालेल्या या घुमटदार वास्तूची चर्चा वास्तुशास्त्रज्ञ करतात, १९१६ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने इतिहासकारही तिचा उल्लेख करतात. फलाटावरचा पुस्तकविक्रेता मात्र कोणाच्याच टिपणात येत नाही. वस्तुतः उत्तर हिंदुस्थानातील लोकप्रिय कादंबरीचा पहिला समीक्षक तोच होता. मेरठच्या छापखान्यांतून आलेल्या कादंबऱ्यांच्या चळतीतून तो एक प्रत उचलून पुढे करी, हिने रात्र सरेल असे सांगे आणि विक्रीमागे आपले कमिशन घेई. वेदप्रकाश शर्मा यांची ‘वर्दी वाला गुंडा’ ही १९९३ ची कादंबरी स्थानकांवर अफाट खपली, तीत या शिफारशीचा वाटा काही थोडा नव्हता. या व्यवहारात लपवाछपवी नव्हती. तो विकतो आहे हे घेणाऱ्यास दिसत होते. आणि विक्रीसाठी त्याला रडून दाखवावे लागत नव्हते.

आज त्याच फलाटावरील प्रवासी मोबाइलच्या पडद्यावर एका तरुणीला कादंबरीचे शेवटचे पान मिटताना पाहतो. तिचे डोळे भरून आलेले असतात, पुस्तक छातीशी धरलेले असते. अशा दर्शनाचे बळ किती, हे कॉलीन हूवर यांच्या ‘इट एन्ड्स विथ अस’ या कादंबरीने दाखवून दिले. २०१६ मध्ये निघालेली ही कादंबरी २०२१ नंतर टिकटॉकवरील वाचकांच्या अश्रूंमुळे खपाच्या याद्यांत नव्याने वर चढली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली, तरी ही रीत थांबली नाही. ती इन्स्टाग्राम व यूट्यूबवर गेली. या रडण्याचे पैसे कसे होतात, हेही पाहिले पाहिजे. चित्रफितीखाली दिलेल्या दुव्यावरून पुस्तक विकत घेतले गेले की विक्रीचा अल्प हिस्सा सांगणाऱ्यास मिळतो. प्रकाशक प्रती फुकट धाडतात, क्वचित मानधनही देतात. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर १००० वर्गणीदार आणि वर्षभरात प्रेक्षकांनी पाहिलेले ४००० तास ही अट २०१८ पासून आहे, लघुचित्रफितींसाठी निराळी. म्हणजे येथे मोल पुस्तकाविषयीच्या मताचे होत नाही, ते त्या मताकडे किती वेळ पाहिले गेले याचे होते.

भावनेवर उपजीविका करणे ही लखनौला नवी गोष्ट नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो रास्तच आहे. मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांच्या मर्सियांना मजलिशीत किती हुंदके उठले यावरून त्यांच्या चाहत्यांचे तट पडत. आणि या कवींना आश्रयदातेही होते. रतननाथ सरशार यांचा ‘फसाना-ए-आझाद’ १८७८ पासून ‘अवध अखबार’मधून क्रमशः येऊ लागला, तेव्हा वाचकांच्या उत्सुकतेचा लाभ नवलकिशोर यांच्या छापखान्यास झालाच. परंतु या सर्व उदाहरणांत पैसा मिळाला तो रडविणाऱ्यास किंवा छापणाऱ्यास. रडणाऱ्याला कोणी मेहनताना दिला नाही. मुशायऱ्यातील ‘दाद’ हा शब्द मुळात न्यायाचा आहे. दाद देणारा कवीच्या पदरात त्याचे न्याय्य माप घालतो. न्याय देणाऱ्याने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात, एवढे तर कचेरीच्या बाहेर बसणारा अर्जनवीसही जाणतो.

संस्कृत काव्यशास्त्राने या अडचणीचा विचार केला आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे : स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासलेले मन रसास्वादास मोकळे राहत नाही. ज्याचे घरभाडे आपल्या अश्रूंच्या दृश्यतेवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत हे विघ्न पान उघडण्यापूर्वीच हजर असते. याचा अर्थ ते अश्रू खोटे असतात असा मुळीच नाही. बहुधा ते खरेच असतात. प्रश्न निवडीचा आहे. जी कादंबरी सावकाश उमगते, वाचून झाल्यावर जी माणसाला काही दिवस नुसते गप्प करते, तिचे चित्रण होऊ शकत नाही. गप्प बसलेला माणूस कोण पाहील? म्हणून दृश्य प्रतिक्रिया देणारीच पुस्तके पुढे येतात, आणि तशीच लिहिलीही जातात.

मात्र मराठी समीक्षेने या नव्या धंद्याकडे नाक मुरडून पाहावे, असा अधिकार तिने मिळविलेला नाही. विम्सट आणि बिअर्डस्ली यांनी १९४९ मध्ये वाचकावरील परिणामाला समीक्षेचा हेत्वाभास ठरविले; मराठीतील विद्यापीठीय समीक्षेला तर वाचक दूर ठेवण्यासाठी तेवढ्या युक्तिवादाचीही गरज भासली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांतून त्या फाटेपर्यंत वाचल्या गेल्या. त्या वाचताना वाचकाला काय वाटले याची नोंद कोणत्याही ग्रंथालयात पद्धतशीरपणे सापडणार नाही. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ची (१९८२) कथाही निराळी नाही. २०१३ मध्ये चित्रपट आला तेव्हा एका पिढीने ही कादंबरी जपून ठेवली होती हे अनेक अभ्यासकांना प्रथमच जाणवले असावे. पडद्यावरील परीक्षकांनी निदान ही दरी भरून काढली आहे. लोकप्रिय कादंबरी वाचून माणूस रडतो, आणि ते बोलण्याजोगे आहे, हे त्यांनी मान्य केले.

मराठीपुरता धोका निराळाच आहे. वेतन पाहणाऱ्यांच्या संख्येवर ठरत असेल, तर मराठी पुस्तकावर मराठीत बोलणाऱ्याला हिंदी वा इंग्रजीकडे वळण्याचा मोह होणारच. लखनौहून मुंबईस निघालेल्या पुष्पक एक्सप्रेसमधील मराठी प्रवाशालाही तीच परभाषिक कादंबरी सुचविली जाईल, जी इतर सर्वांना सुचविली गेली.

व्यवहार उघड असावा एवढी मागणी आता शासनानेही केली आहे. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये आली. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मोबदला, अगदी फुकट मिळालेली वस्तूदेखील, जाहीर करण्याचे सांगितले. भारतीय मानक ब्यूरोचे ऑनलाइन अभिप्रायांविषयीचे २०२२ चे मानक मात्र ऐच्छिक आहे. हे नियम साबण आणि पुस्तक यांत भेद करीत नाहीत, आणि ते एका परीने बरेच आहे. पण घोषणेने निवडीचा प्रश्न सुटत नाही. तेथे काम विद्यापीठांचे आहे. भारतीय भाषांच्या विभागांनी या चित्रफितींचे लिखित टाचण ठेवावे, प्रतिक्रिया शब्दशः उतरवावी, आणि पुस्तकाचे नाव व दिनांक यांच्या शेजारी एक रकाना मोबदल्यासाठी राखावा. चारबागच्या विक्रेत्याच्या बाबतीत तो रकाना भरणे अवघड नव्हते. त्याचे कमिशन सर्वांना ठाऊक होते. हरवले ते त्याचे शब्द.