छतावरची पिशवी

दिवाळी जवळ आली की एचएसआर लेआउटमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात एकच चर्चा असते, गावाला नेताना सामान कोंबायचं कुठं? बंगळूरला बदली झाल्यापासून आम्हीही त्यातच. सातारा सातशे किलोमीटरच्या वर. गाडी पाच जणांची, माणसं पाच आणि डिकी आईच्या चाकाच्या खुर्चीनं भरलेली. ती खुर्ची मागं ठेवण्याचा प्रश्नच नाही, म्हणून बाकी सगळं छतावर.

शेजारच्या साहेबांनी टणक प्लास्टिकचा बॉक्स घेतलाय. दिसतो झकास, कुलूपही लागतं. पण मंडळी, आपण बदलीवाली माणसं. दर दोन-तीन वर्षांनी घर हलवणाऱ्यानं उरलेले साडेअकरा महिने तो बॉक्स ठेवायचा कुठं? शिवाय त्याचं स्वतःचंच वजन पंधरा-वीस किलो. बहुतेक मोटारींना छतावर साधारण 50 ते 75 किलोच चालतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि त्यात कॅरियर, बॉक्स सगळं धरायचं असतं. घडीची पिशवी चार-पाच किलोची, काम झालं की पलंगाखाली. माझं मत स्पष्ट आहे, फौजी घराला मऊ पिशवीच बरी.

पण कुठलीही नव्हे. इथं मी स्वतः फसलोय.

दोन वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाली म्हणून एक घेतली. 'वॉटरप्रूफ' असं ठळक लिहिलेलं. कापड खरंच चांगलं होतं, पाणी शिरलं ते शिवणीतून. सुई गेली तिथं भोक पडतंच. हुबळीच्या पुढं पाऊस लागला आणि आईच्या दोन्ही गोधड्या चिंब झाल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहिला नसता. निपाणीजवळ तवंदी घाटात मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न देत, हात हलवत शेजारी आला. पुढचा पट्टा सुटून पिशवी एका बाजूला कलली होती आणि त्याचं लोखंडी बकल वाऱ्यावर फटके मारत होतं. बकल त्या पोराच्या तोंडावर बसलं असतं तर? आजही तो विचार आला की पोटात गोळा येतो.

पिशवी वाईट होती हे खरं, पण चूक माझीच. कॉन्व्हॉयमध्ये निघाल्यावर थोड्याच वेळात पहिला हॉल्ट होतो. चालक खाली उतरतो, टायर बघतो, दोऱ्या ओढून बघतो. इतकी वर्षं जवानांकडून हे करून घेणारा मी, स्वतःच्या गाडीला मात्र बांधलं की झालं म्हणून निघालो! नवीन पट्टा पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये ढिला होतोच, कारण आतलं सामान दबून बसतं.

यंदा दुकानात पिशवी उलटी करून पाहिली. जोड शिवलेले नसून उष्णतेनं चिकटवलेले हवेत, चेनीवर रुंद पदर हवा. मोकळं छत असेल तर दाराच्या चौकटीत अडकणारे हुक असलेली घ्या. पट्टे दारातून आत घेतले तर त्यांच्यावरून ओघळत पाणी सीटपर्यंत येतं. आकाराचा मोह मात्र टाळा. पंधरा घनफुटांच्या पिशवीत सव्वाचारशे लिटर मावतात आणि तेवढी जागा दिसली की आपण पितळेचा डबाही वर टाकतो. वर फक्त कपडे, पांघरुणं, उशा. मी प्रत्येक बोचकं वजनकाट्यावर ठेवलं, एकूण 38 किलो. अर्धी रिकामी पिशवीही नको, ती फडफडते. पट्टा गुणगुणायला लागला तर त्याला एक पीळ द्या.

वेग ऐंशीवर ठेवतो. शंभरला वाऱ्याचा जोर दीडपटीहून जास्त होतो, हे मुलीनं वहीत मांडून दाखवलं. तिच्यासमोर आता माझं काही चालत नाही.

पिशवीला सुरीचा एक घाव पुरे, त्यामुळं मुक्कामाला वर काही ठेवत नाही. बेळगावला थांबू तेव्हा सगळं खाली उतरेल. आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "तुझी पिशवी वर राहू दे बाबा, माझी गोधडी मी मांडीवर घेते."