केडगावच्या आठ हजार भाकऱ्या

रमजानचा चंद्र दिसायच्या आधीच आमच्या पूर्णगडात पावतीपुस्तके येऊ लागतात. मुचकुंदीच्या मुखावरचे हे गाव मोठे नाही. किल्ला लहान, बाजार त्याहून लहान. पण कोकणातल्या आमच्या वस्त्यांमध्ये बरीच घरे जहाजावरच्या किंवा आखातातल्या कमाईवर चालतात, हे दूरदूरच्या यतीमखान्यांना पक्के ठाऊक असते. मौलाना येतात, नमाजनंतर दोन शब्द बोलतात, आम्ही जकातीतून, सदक्यातून रक्कम देतो आणि पावती कपाटाच्या खणात ठेवून देतो. बकरी ईदला कुर्बानीचे कातडेही त्याच वाटेने जाते. (अलीकडे कातड्याला भाव उरलेला नाही, तो विषय वेगळा.) मात्र त्या यतीमखान्यात पोरांना पहाटे उठवते कोण, ताप आला तर रात्री उशाशी बसते कोण, शाळेतून रडत आलेल्याचे ऐकून घेते कोण, हे आम्ही कधी विचारत नाही. पावतीवर तसा रकानाच नसतो.

म्हणून या महिन्यात आम्ही दुसऱ्यांच्या एका घराकडे पाहायचे ठरवले. हे घर ख्रिस्ती आहे आणि सव्वाशे वर्षांहून जुने आहे. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर, दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तिथले पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती’ हे ते घर.

रमाबाईंचे नाव आमच्या मुलींनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. संस्कृतच्या विदुषी, विधवांच्या कैवारी, धर्मांतर केलेल्या, एवढे साधारण आठवते. त्या स्वतः दुष्काळात पोरक्या झाल्या होत्या, ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. 1858 चा त्यांचा जन्म. आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रे पायी फिरत पुराणे सांगायची, मिळेल त्यावर जगायचे, असे त्यांचे बालपण गेले. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. थोड्या थोड्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. भाऊ आणि ही सोळा-सतरा वर्षांची मुलगी दोघेच उरले. पुढे कलकत्त्यात पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्यांचे लग्न झाले, मुलगी झाली आणि 1882 मध्ये पतीही गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे ऐकून त्या तिकडे गेल्या आणि मुली घेऊन परतल्या. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून सुमारे 300 मुली आणि स्त्रिया आल्या. इतक्या जणींना ठेवायचे कुठे? पुण्यात प्लेगची साथ होती. केडगावला त्यांनी आधीच शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावायला सुरुवात केली होती. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत पुरवण्याचे वचन दिले होते. ती मुदत 1898 मध्ये संपणार होती. त्यानंतर आपल्या पायावर उभे राहता यावे म्हणून ही बाग होती. तिथे मुलींची वस्ती झाली. मग 1900 चा दुष्काळ आला. तेव्हा गुजरातेतूनही मुली आल्या आणि घरातली माणसे दोन हजारांच्या जवळ गेली.

दोन हजार हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. स्वयंपाकघरात उभे राहून त्याचा हिशेब करा. माणशी एका वेळेला दोनच भाकऱ्या धरल्या, तरी दिवसाला आठ हजार होतात. तितके पीठ आधी दळायचे, पाणी विहिरीतून काढायचे, सरपण आणायचे, भांडी घासायची. आमच्याकडे शादीत पाचशे माणसांची देग उतरवताना चार दिवस आधीपासून सगळे घर घायकुतीला येते. इथे तीच देग रोजची होती, आणि चुलीपुढे बसलेल्या कित्येकी काही महिन्यांपूर्वी स्वतः उपाशी होत्या.

मुक्तीचे दिवसाचे चक्र इथेच समजून घ्यायला हवे. दिवस प्रार्थनेने सुरू व्हायचा. त्यानंतर शाळाही असायची आणि कामही असायचे. घरातले जवळपास प्रत्येक काम घरातल्याच हातांनी व्हायचे. कुणी शेतात जायची, कुणी मागावर बसायची. तेलाचा घाणा होता, दुभती जनावरे होती, शिवणकाम होते, धुलाई होती. विहिरी खणल्या गेल्या. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था होती. रमाबाईंची मुलगी मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती. ती त्यांना बोटांनी वाचायला शिकवत असे, आणि त्या मुली वेताच्या टोपल्या विणत. छापखानाही होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, साध्या बाईला समजेल अशा मराठीत. त्याचे खिळे जुळवले याच मुलींनी. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. मनोरमा त्यांच्या आधी काही महिने गेली होती. ते पुस्तक 1924 मध्ये छापून पुरे झाले. ज्यांना येताना अक्षरओळख नव्हती, त्यांनी त्या घराचा सगळ्यात मोठा ग्रंथ छापला!

पैसा बाहेरून येत होता, हे खरेच आहे. अमेरिकेतून यायचा, इंग्लंडमधून यायचा, ख्रिस्ती मंडळ्यांतून यायचा. पण पैशाने धान्य येते. रात्री दचकून उठलेल्या मुलीला थोपटायला माणूस लागते. दोन हजार जणींना बाहेरच्या चार बाया कशा पुरणार? म्हणून आधी आलेल्या नंतर आलेल्यांना सांभाळायच्या. थोरल्या मुलीच्या हाती धाकट्या सोपवलेल्या असत. काही महिन्यांपूर्वी जी स्वतः सांगाडा होऊन आली होती, ती आता दुसऱ्या सांगाड्याला पेज भरवत असे. उपाशी पोराला एकदम पोटभर घातले तर ते दगावू शकते, थोडे थोडेच द्यावे लागते, आणि ते मागत असताना नाही म्हणावे लागते. हे काम भूक काढलेल्या बाईलाच जमते, असे आम्हांला वाटते. सगळ्याच मुली वाचल्या असे मात्र कुणी समजू नये. दुष्काळाने आतून पोखरलेली कित्येक लेकरे तिथे पोचूनही गेली.

आता अवघड गोष्ट. या मुली ख्रिस्ती झाल्या. ती बाजू टाळून या घराविषयी लिहिणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही.

त्याआधी 11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले होते. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. तिथला नियम असा की कुणाला धर्म शिकवायचा नाही. ज्या मुलीचे जे आचार असतील ते तिने पाळावेत. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे केडगावला तो आडपडदा राहिला नाही. मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती घर होते.

पालकांची भीती आम्हांला समजते. आमच्यातले एखादे यतीम लेकरू उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात वाढले, तर आमचाही जीव खालीवर होईल. पण त्या भीतीचे पुढे काय केले, यावरून माणसे ओळखता येतात. काहींनी अग्रलेख लिहिले. लाला लजपतराय यांनी मात्र 1897 च्या दुष्काळात पोरकी मुले मिशनऱ्यांकडे जाऊ नयेत म्हणून स्वतः मदतीचे काम उभे केले आणि कित्येक मुले पंजाबात नेऊन त्यांची सोय लावली. त्यांच्या हेतूशी तुम्ही सहमत असा वा नसा, मुलांच्या ताटात अन्न पडले.

आणि एक गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली. देवरुखच्या गोदूबाई जोशी आठव्या वर्षी, लग्नाला काही महिनेही झाले नसताना, विधवा झाल्या. भाऊ नरहरपंतांनी त्यांना मुंबईला नेऊन शारदा सदनात घातले. सदनाच्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. तिथे त्या शिकल्या आणि हिंदूच राहिल्या. 11 मार्च 1893 रोजी, म्हणजे सदनाच्या वाढदिवशीच, त्यांनी भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्वे मुरुडचे. गावाने त्यांना वाळीत टाकले. त्या गृहस्थाने 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला. त्या आश्रमाचा पुढचा पसारा सगळ्यांना माहीत आहे. एका ख्रिस्ती बाईच्या घरात शिकलेली देवरुखची विधवा हिंदू आश्रमाच्या मुळाशी आहे, आणि आम्ही मुसलमान घरात बसून तिची गोष्ट वाचतो आहोत. धर्माच्या भिंती खऱ्या असतात, पण त्यांना दारेही असतात.

मुक्तीची आणखी एक रीत आमच्या मनात घोळते आहे. तिथे विधवा येत, त्यांची लेकरेही येत. मूल ठेव आणि आई जा, असा तो व्यवहार नव्हता.

आपल्याकडे यतीम कुणाला म्हणतात? बाप गेलेल्या नाबालिग मुलाला. आई हयात असली तरी ते यतीमच. म्हणजे यतीमखान्यात जाणाऱ्या कित्येक मुलांची आई घरी असते. ती त्यांना पाठवते, कारण खायला घालता येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधी गेले, आई सहाव्या वर्षी गेली, आजोबा आठव्या वर्षी. त्यानंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना सांभाळले. त्यांच्या घरात स्वतःची मुले होती आणि पैशाची ओढाताणही होती. तरी प्रेषित वाढले घरातच. सूरह बकरामध्ये यतीमांना आपल्यात मिसळून घेण्याविषयी आले आहे, ते वाचताना हे घर डोळ्यांसमोर ठेवावे.

हे आत्ता लिहायला कारण घडले आहे. गेल्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना, आमच्या वस्तीतल्या एका घरातला कर्ता माणूस गेला. मागे बायको आणि तीन मुले. थोरला अकरा वर्षांचा, मधली आठची, धाकटा अजून अंगणवाडीत. चाळीसवा झाला आणि जमातीत विषय निघाला. एका बुजुर्गांनी शहरातल्या यतीमखान्याशी बोलणे केले होते. थोरल्याची सोय होईल, हिफ्जही होईल, शाळाही होईल. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण मुलांची आई पडद्याआडून एवढेच म्हणाली, ‘‘चाचा, जितका पैसा तुम्ही त्यांना द्याल, तितका माझ्या हातात द्या. मी पोरांना उपाशी ठेवणार नाही.’’

बैठकीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग दोन तट पडले. एक म्हणे, बाईच्या हातात रोख दिली तर उद्या दहा घरे मागतील. दुसरा म्हणे, मागू देत, गावात दहा यतीम असतील तर ते आपल्याला माहीत तरी होतील. आम्ही दुसऱ्या बाजूचे. सध्या तडजोड अशी झाली आहे की जूनपर्यंत तिन्ही मुले आईजवळ राहतील. किराणा दुकानदाराचा हिशेब जमात भागवील, आणि शेजारच्या फुफी संध्याकाळी थोरल्याचा अभ्यास घेतील. जूनमध्ये पुन्हा बैठक आहे.

यतीमखाने नकोत, असे आम्हांला म्हणायचे नाही. ज्याला कुणीच नाही त्याला ते लागतातच. पण अल्पवयीन न्याय अधिनियम, 2015 हा कायदाही संस्था हा शेवटचा मार्ग मानतो, आधी कुटुंब. मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची आहे. तेव्हा पुढच्या वेळी पावती फाडताना नोंदणी आहे का, तेवढे विचारायला हरकत नाही. जमलेच तर सुट्टीत एकदा तिथे जाऊन पोरांबरोबर जेवून यावे.

आणि आयांसाठी थोडे उपयोगाचे. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे; आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. आई किंवा बाप गेलेल्या, किंवा दोघेही नसलेल्या अठरा वर्षांखालील गरजू मुलाला घरीच किंवा नातलगांकडे सांभाळण्यासाठी दरमहा 2250 रुपये मिळतात. पूर्वी 1100 मिळत. हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला हातात पडेल, असे धरून चालू नये. पण अर्ज तरी करावा. तो जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो. आमच्यासाठी ते कार्यालय रत्नागिरीला. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, मुलांच्या शाळेचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक असे कागद आधीच जमवून ठेवा, म्हणजे फेऱ्या वाचतील. आणि रस्त्यात, स्टेशनवर एकटे मूल दिसले तर 1098 लावा. ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

पूर्णगडच्या त्या घराचे कागद तयार होत आहेत. मृत्यूच्या दाखल्यात नावाचे एक अक्षर चुकले आहे. ते दुरुस्त करून घ्यायला थोरल्याचे मामा सोमवारी जाणार आहेत.