पोहण्याच्या तलावावर ‘योग्य पोशाख’ म्हणजे नेमकं काय?

उन्हाळा आला की परभणीत दोन गोष्टी हमखास होतात. पारा बेचाळीसच्या पुढे सरकतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोहण्याच्या समर कॅम्पच्या जाहिराती फिरू लागतात. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आमच्यासारखी पोरं त्याच सुमारास सुट्टीवर येतात आणि घरच्यांना घेऊन एक-दोन दिवस एखाद्या रिसॉर्टला जातात. दोन्ही ठिकाणी पाण्याजवळ एक पाटी असते : ‘योग्य पोशाखाशिवाय प्रवेश नाही.’ ही पाटी वाचून आपल्या घरातल्या किती तरी बायका-मुली काठावरच्या खुर्चीत बसतात, सगळ्यांचे मोबाइल सांभाळतात आणि बाकीच्यांचे फोटो काढतात.

या पाटीबद्दल मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. कापड कोणतं असावं, हे विचारायचा तलावाला पूर्ण हक्क आहे. अंग किती झाकलंय, हे विचारायचा नाही. आणि ‘तिथं तसले कपडे घालावे लागतात’ असं सांगून मुलीला पाण्यापासून लांब ठेवायचा हक्क घरालाही नाही.

नियम कशासाठी असतो?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुठलाही नियम दिसला की तो कशासाठी केला असेल, हे आधी पाहायची सवय लागली आहे. तलावाचं पाणी रोज बदलत नाहीत. पंप ते खेचून घेतो, जाळीतून आणि फिल्टरमधून फिरवतो, त्यात क्लोरीन मिसळलं जातं आणि तेच पाणी परत तलावात येतं. सुती कापडाचे तंतू सुटतात आणि गाळणीत अडकतात. कच्चा रंग पाण्यात उतरतो. घाम, धूळ, कपड्यातला साबण यांचा क्लोरीनशी संयोग झाला की जी संयुगं तयार होतात, त्यांनीच डोळे चुरचुरतात. ज्याला आपण ‘क्लोरीनचा वास’ म्हणतो तोही बराचसा त्यांचाच.

दुसरा मुद्दा जिवाचा. सुती सलवार-कमीज पाणी धरते, हातापायांना गुंडाळते आणि बाहेर निघताना अंगावर ओझं होते. ओढणी गळ्याभोवती आवळू शकते किंवा पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकू शकते. घसरगुंडीवर धातूची चेन आणि हूक लागून आपल्याला किंवा मागून येणाऱ्याला इजा होऊ शकते.

ही कारणं खरी आहेत. म्हणून साडी, जीन्स, बनियन, सलवार-कमीज यांना तलावात मनाई असेल तर त्यात धर्म शोधू नये. पण आता याच कारणांची यादी हातात घेऊन नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख तपासा. तंतू सुटत नाहीत, रंग जात नाही, कापड पाणी धरत नाही, अंगाला धरून राहतं. एकाही कसोटीवर तो नापास होत नाही. मग त्याला अडवणारा माणूस नेमकं काय तपासतो?

मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून आलेल्यांनी आठवून पाहावं. तिथे पर्यटकाला बहुतेक वेळा अंगभर वेटसूट चढवतात. तो घातलेल्या कॉलेजच्या मुलीला कुणी विचारत नाही की एवढं झाकून पाण्यात कशाला उतरतेस. तोच आकार तलावाच्या काठावर आला आणि वर टोपी लागली की त्याला लगेच धर्म चिकटतो.

दोन दारं, एकाच दिवशी बंद

मागच्या मे महिन्यात माझ्या आपाच्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन मी आमच्याच जिल्ह्यातल्या एका तलावावर गेलो. पोशाख पोहण्याचाच होता, पूर्ण बाह्यांचा. दारावरचा माणूस म्हणाला, “हे बुरख्यासारखं इथं चालत नाही.” कुठल्या नियमात, असं विचारल्यावर त्याने पाटीकडे बोट दाखवलं. योग्य म्हणजे काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, “सगळे घालतात तसं.” मी कापडाचं लेबल दाखवलं. त्याला ते पाहायचं नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत एक मुलगा सुती हाफ पँटवर पाण्यात उडी मारून मोकळा झाला.

घरी आलो. नानी म्हणाली, “अच्छा हुआ. अब बडी हो गई, तैरना सीखके क्या करती?”

एकाला कपडा जास्त वाटला, दुसरीला कमी. एरवी कशावरही एकमत न होणारी ही दोन माणसं एका बाबतीत एक झाली : पोरगी पाण्यात उतरणार नाही. तिने मला एवढंच विचारलं, “मामू, मैं क्या पेहनूँ तो दोनों हाँ बोलेंगे?”

तिला उत्तर द्यायचं तर दोन्ही दारांशी बोलावं लागेल.

बाहेरच्या जगातून काय शिकावं

‘बुर्किनी’ हा पोशाख आहेदा झनेटी या लेबनानी वंशाच्या ऑस्ट्रेलियन बाईंनी २००४ मध्ये तयार केला. हिजाब आणि ढगळ कपड्यांत नेटबॉल खेळणारी भाची पाहून त्यांना मुलींसाठी खेळाचे कपडे करायचं सुचलं होतं. म्हणजे हेतू मुलींना घरी बसवायचा नव्हता, मैदानात आणि पाण्यात उतरवायचा होता. पुढे सिडनीच्या किनाऱ्यावर लाल-पिवळी बुर्किनी घालून एका मुस्लिम तरुणीने जीवरक्षकाचं काम केलं.

फ्रान्सची गोष्ट वेगळी झाली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये कान आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांनी बुर्किनीवर बंदी घातली. २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने विलनव्ह-लूबे या गावाची बंदी स्थगित केली. मात्र ग्रेनोबल शहराने मे २०२२ मध्ये आपल्या तलावांत बुर्किनीला वाट करून दिली, तेव्हा त्याच न्यायालयाने जूनमध्ये ती अडवली. याच फ्रान्समधल्या सार्वजनिक तलावांत पुरुषांना ढगळ शॉर्ट्स घालून उतरता येत नाही, स्वच्छतेसाठी घट्ट पोशाखच लागतो. हा दुसरा नियम कुणाला आवडो न आवडो, तो कपड्याबद्दल आहे. पहिला वाद मात्र कपडा कुणी घातला आहे, याच्याभोवती फिरत राहिला.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०१३ मध्ये जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयासमोर एक मुस्लिम मुलगी आली होती. शाळेत मुलामुलींच्या एकत्र पोहण्याच्या तासातून तिला सूट हवी होती. न्यायालयाने सूट नाकारली, कारण बुर्किनी घालून तासाला बसण्याची मुभा तिला होती. २०१७ च्या जानेवारीत युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या एका कुटुंबाच्या बाबतीत असाच निकाल दिला. तिथेही बुर्किनीला परवानगी होती, तरी आईवडिलांनी लहान मुलींना पाठवलं नाही, म्हणून त्यांना दंड झाला होता. अंगभर पोशाखाला एकदा होकार मिळाला की न पाठवण्याची सबबही संपते. हे आपल्या घरांनी नीट ऐकावं.

मुलांच्या सतरचं काय?

पोशाखाची चर्चा सुरू झाली की ती मुलींवरच का संपते? २००९ मध्ये रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत पॉलियुरेथेनचे सूट घालून पोहणाऱ्यांनी ४३ विश्वविक्रम केले. त्यावर जागतिक संघटनेने १ जानेवारी २०१० पासून असे सूट बंद केले आणि तलावातल्या शर्यतींसाठी ठरवलं की पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये. बेंबी ते गुडघा! हनफी फिकहमध्ये पुरुषाचं सतर ‘नाफ से घुटने तक’ सांगितलं जातं. म्हणजे शर्यतीतल्या पोहणाऱ्याची ‘जॅमर’ आणि मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांचं माप यांत फार तर बोटभर फरक. तरी आपली पोरं आखूड चड्डीवर किंवा सुती थ्री-फोर्थवर पाण्यात उतरतात आणि त्यांना ना तलाववाला अडवतो, ना घरचं कुणी.

सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम तिसाव्या आयतीत आधी पुरुषांना आहे. स्त्रियांचा उल्लेख त्यानंतर एकतिसाव्या आयतीत येतो. हा क्रम तलावाच्या काठावर सर्वांत जास्त लागू होतो. अनोळखी बायकांच्या दिशेने मोबाइल धरून रील काढणाऱ्या तरुणाने बहिणीला हया शिकवू नये.

पाणी टाळता येत नाही

आपला जिल्हा गोदावरीचा आणि पूर्णेचा. गंगाखेडचा घाट, येलदरीचं धरण, शेतातली विहीर, शेततळं. पाणी इथे शौक नाही, रोजचं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे पाहिले तर देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. धुणं धुवायला, पाणी भरायला बाईच जाते आणि पोहायला मात्र तिलाच शिकवायचं नाही, हा कुठला हिशेब? मुलांना पोहायला शिकवा, ही शिकवण हजरत उमर यांच्या नावाने आपल्याकडे किती तरी बयानांत सांगितली जाते. ती सांगताना कुणी ‘फक्त मुलग्यांना’ असं जोडत नाही. ते आपण मनानेच जोडलं आहे.

नानीशी मी मसल्यांवर वाद घातला नाही. शेततळ्यात पाय घसरला तर पोरगी काय करेल, एवढंच विचारलं. त्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “कपडा मेरेकू दिखाना पहले.” हा होकारच होता. तलावाकडे आम्ही लेखी नियम मागितला, तो नव्हताच. आठवड्याने प्रशिक्षकाने स्वतः लेबल वाचलं आणि सकाळच्या बॅचमध्ये तिला घेतलं. पाटी अजून तीच आहे.

घेताना काय पाहावं

दुकानात किंवा ऑनलाइन ‘मॉडेस्ट’ हा शब्द पाहून पैसे टाकू नका, लेबल वाचा. नायलॉन किंवा पॉलिएस्टर, सोबत थोडं इलास्टेन. क्लोरीनच्या पाण्यात पॉलिएस्टर जास्त टिकतं. कापड ओलं झाल्यावर आरपार दिसत नाही ना, हे घरी बादलीत भिजवून पाहा. वरचा अंगरखा पाण्यात तरंगून वर येऊ नये म्हणून तो पँटला बांधायची नाडी किंवा लूप हवा. डोक्याची टोपी जोडलेली किंवा घट्ट बसणारी असावी. पिना, ओढणी, धातूची चेन नको. लहान मुलांसाठी निळा रंग टाळा, निळ्या पाण्यात बुडणारं पोर दिसत नाही. केशरी किंवा पोपटी घ्या. खास ब्रँड परवडत नसेल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि पोहण्याची लेगिंग एवढ्यात काम होतं. भाड्याचे कपडे नाइलाज असेल तरच घ्या. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या. नियम पाळणाऱ्याचाच नियमावर प्रश्न विचारण्याचा हक्क जास्त ठाम असतो.

पाटी बदलायला लावा

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं पाणी प्यायली. तो लढा जातीचा होता, आपल्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा. त्याची बरोबरी सांगायची नाही. पण आपल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं आणि हॉटेलांसोबत विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कुणाला अडवता येत नाही. कापडाचा सर्वांना सारखा नियम हा भेदभाव नाही. एकाला हाफ पँटवर सोडायचं आणि दुसरीला लेबल न वाचता परत पाठवायचं, हा आहे.

म्हणून भांडणाआधी कागद. तलाव पालिकेचा किंवा क्रीडा संकुलाचा असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा : पोशाखाचा लेखी नियम काय, तो कुणी आणि कधी मंजूर केला? हॉटेल असेल तर बुकिंगच्या आधी पोशाखाचा फोटो पाठवा आणि होकार लेखी घ्या. मुख्य म्हणजे पाटीचा मसुदा आपणच द्या. माझा असा आहे :

‘पोशाख नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, पोहण्यासाठीचाच असावा. सुती कपडे, जीन्स, साडी, ओढणी, धातूची चेन चालणार नाही. टोपी आणि शॉवर सक्तीचे. पोशाखाच्या लांबीचे बंधन नाही. मोबाइलने चित्रण करण्यास मनाई.’

यात ‘मुस्लिम’ हा शब्द नाही आणि तो नसावाच. अंगभर पोशाख उन्हाने त्वचा भाजणाऱ्यांना हवा असतो, ऑपरेशनचा व्रण असलेल्यांना हवा असतो, कॉस्च्युम घालायला संकोचणाऱ्या शेजारच्या काकूंनाही हवा असतो. अर्जावर त्यांच्याही सह्या घ्या. महिलांसाठी वेगळी वेळ मागत असाल तर तीही सगळ्या महिलांसाठी मागा.

समर कॅम्प भरला की तलाववाल्याला कुणाचं ऐकायला वेळ नसतो. अर्ज फेब्रुवारीतच द्या.