फुंकर मारून साखर?

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या बोटाला दिवसातून चार-पाचदा सुई टोचणारी आई ज्याने पाहिली आहे, त्याला 'फुंकर मारा, साखर कळेल' ही बातमी किती गोड लागते ते सांगायला नको. इथे अमेरिकेत तसलं काही छापून आलं की पुण्या-नाशिकहून कुणाचा तरी फोन ठरलेला. "येताना ते यंत्र घेऊन ये रे!"

तर मंडळी, इन्शुलिनचा डोस ठरवता येईल असं यंत्र अजून नाही. कल्पना मात्र खोटी नव्हे. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत १० मधुमेही मुलांची साखर चढलेली असताना आणि इन्शुलिनने ती उतरवताना त्यांचा श्वास तपासला. त्यातलं मिथाइल नायट्रेट साखरेबरोबर वर-खाली होत होतं. गंमत म्हणजे तपासणारी प्रयोगशाळा हवेच्या प्रदूषणावर काम करणारी! ओझोनवरच्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालेले शेरवुड रोलंडही त्या निबंधाच्या लेखकांत आहेत. लाख कोटी रेणूंमागे किती, असा हा हिशेब. तो करायला तशीच प्रयोगशाळा हवी.

माझ्यातला इंजिनियर अडतो तो पुढे. श्वासात आपण साखर मोजत नाही, तिचे परिणाम मोजतो, आणि ते इतर कारणांनीही बदलतात. श्वासातला ॲसिटोन तर निरोगी माणसाने उपास केला तरी वाढतो. (खरा उपास, साबुदाण्याची खिचडी हाणून केलेला नव्हे.) पण मुलाला किती युनिट टोचायचे ते त्या आकड्यावर ठरतं. खरी साखर १८० असताना यंत्राने ३०० दाखवली आणि तेवढं इन्शुलिन दिलं, तर मध्यरात्री साखर कोसळून मूल बेशुद्ध पडेल.

नुसता इशारा द्यायला श्वास उपयोगी पडेल, असं मला वाटतं. केंब्रिजमध्ये ८ स्त्रियांची साखर मुद्दाम उतरवली तेव्हा श्वासातलं आयसोप्रीन वाढलं, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण झोपेतला गजर दंडावरचा सेन्सर आजही देतो. दर दोनेक आठवड्यांनी हजारो रुपये मोजावे लागतात, हे त्याचं खरं दुखणं. टोचणीपेक्षा त्या किमतीवर ओरड व्हायला हवी.

आणि न टोचता साखर सांगणाऱ्या त्या अंगठ्या नि घड्याळं? अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्येच त्यांच्याविरुद्ध इशारा दिलाय. मी त्या आणणार नाही. त्याच पैशांत ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घ्या.